केडगावातला समुद्र

१९४३ सालच्या शिमग्यानंतर आरमाराची एक कचेरी केडगावात उतरली, आणि गावाने पहिला प्रश्न विचारला तो हा, की बाबांनो, जहाजं बांधणार कुठं? केडगावापासून कुठल्याही दिशेला शंभर मैल चाललं तरी पायाला खारं पाणी लागत नाही. उन्हाळ्यात तर तिथल्या विहिरीत बायका वाटीने घागर भरत. तरी पुणे रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या धान्याच्या गोदामावर झेंडा चढला, दारात बंदूकवाला शिपाई उभा राहिला, आणि चार शहाण्यांनी पारावर ठरवून टाकलं की सरकार मुंबईहून नळाने समुद्र आणणार आहे.

खरी गोष्ट साधी होती. ही कचेरी लढणाऱ्यांची नव्हती, वाटणी करणाऱ्यांची होती. माल नेणारी जहाजं शेकड्यांनी, त्यांची राखण करणारी हाताच्या बोटांवर, आणि पाण्याखाली शत्रूच्या पाणबुड्या. ही थोडकी राखण कुठं लावली तर कमीत कमी जहाजं बुडतील, हे गोंगाटापासून लांब बसून शोधायचं, एवढंच काम.

मुख्य होता तो एक गोरा साहेब. तो शिपाईगडी नव्हे, कॉलेजात गणित शिकवणारा. त्याला दिसेल ते मोजायची खोड होती, म्हणून गावाने त्याचं नाव मापसाहेब ठेवलं. दारावरच्या शिपायाला किती वेळाने जांभई येते, तेही त्याच्या वहीत होतं. त्या वहीवरून त्याने पहाऱ्याची पाळी सहा तासांची दोन तासांवर आणली, आणि तेव्हापासून शिपाई त्याला सोडून दुसऱ्या कुणाला मनापासून सलाम करीना. त्याच्या हाताखाली एक तरुण लेफ्टनंट, सदा घाईत. आणि कारकून म्हणून प्रभुदास, बेलापूरचा ख्रिस्ती गृहस्थ. पंधरा वर्षं त्याने पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. उसाच्या बागाइतदारांना पाणी वाटूनही ज्याचे सगळे दात जागेवर आहेत, त्याला जहाजं वाटणं काय जड, असं म्हणून मापसाहेबाने त्याला मागून घेतला.

आणि झाडलोटीला गोजरबाई.

समुद्राचा नकाशा मुंबईहून आला तो एवढा मोठा, की टेबलावर त्याचा एक कोपराही मावेना. मग मापसाहेबाने गोदामाची जमीनच समुद्र करायची ठरवली. गोजरबाईने आधी सगळी जमीन सारवली. ती वाळल्यावर लेफ्टनंटने खडूने किनारे काढले, प्रभुदासाने नीळ कालवून पाणी रंगवलं, आणि मुंबई, कराची, एडन, कोलंबो अशी गावं चुन्याच्या ठिपक्यांनी वसली. पहिल्या आठवड्यात जहाजं म्हणून भुईमुगाच्या शेंगा मांडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो अकरा जहाजं फस्त आणि टरफलं एडनपाशी. लेफ्टनंटने तार लिहायला घेतलीसुद्धा. प्रभुदासाने उंदराच्या लेंड्या दाखवल्या, म्हणून मुंबईतला हाहाकार टळला.

त्यानंतर मालाच्या जहाजांना चिंचोके आले, राखणीच्या जहाजांना नंबर घातलेल्या कवड्या, आणि पाणबुडीचा संशय असेल तिथं लाल गुंज. एकदा शेजारच्या बनुबाईची शेळी आत शिरून सिंहलद्वीपावर उभी राहिली. मापसाहेबाने तिला हाकलली नाही. घड्याळ काढून ती किती वेळ उभी राहते ते पाहत बसला.

गोजरबाईला हुकूम एवढाच होता, की समुद्राला हात लावायचा नाही. पाण्यावरून मऊ केरसुणी फिरवायची आणि बाकीचं सारवायचं. त्यामुळे अरबस्तान, इराण आणि अर्धी आफ्रिका दर शनिवारी ताज्या शेणाने लखलखीत असायची. कामाचा क्रमही ठरलेला. संध्याकाळी दोघे साहेब आलेल्या तारा पाहून कवड्या मांडत, उद्या कोण कुठं जाणार ते ठरवत आणि जात. पहाटे गोजरबाई येई. आठ वाजता प्रभुदास जमिनीवर जसं दिसेल तसं पत्रक लिही, लेफ्टनंट सही करी, आणि त्याची तार मुंबईला जाई. पत्रकात असेल तिकडे खरं जहाज निघे.

एक दिवस प्रभुदासाची जीभ घसरली. गोजरबाईचा एकुलता एक मुलगा सहादेव दोन वर्षांपूर्वी नगरला भरतीत जाऊन आरमाराच्या जहाजावर भट्टीत कोळसा लोटायला लागला होता. त्याची पत्रं प्रभुदासच वाचून दाखवी. तर त्या दिवशी पत्रावरचं जहाजाचं नाव पाहून तो म्हणाला, "अगं गोजरबाई, हे तर आपलं सात नंबर!"

"कंचं सात नंबर?"

प्रभुदासाने ओठ चावला. पण बोललेलं परत तोंडात जात नाही. "कुणाला बोलशील तर मी तुरुंगात आणि तूही. ती कवडी. तुझं पोरगं त्या जहाजावर आहे."

गोजरबाईला वाचता येत नव्हतं, पण सातचा आकडा तिला बाजारामुळे ठाऊक होता. तिने कवडीकडे पाहिलं. कवडी कराचीच्या पुढे एकटी उभी होती आणि तिच्यापासून दोन बोटांवर लाल गुंज.

कुणाचं राज्य आणि कुणाची लढाई, यात गोजरबाई कधी पडली नव्हती. तिला पोरगं परत पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी तिने ती गुंज उचलली आणि कनवटीला लावली.

त्यावर मोठी धमाल झाली. सकाळी पाणबुडी गायब! लेफ्टनंट म्हणाला आपल्या लोकांनी बुडवली असेल, अभिनंदनाची तार करू. मापसाहेब म्हणाला, बुडवली कुणी, कशाने, किती वाजता? खाली वाकून वाकून त्याची पाठ धरली. शेवटी गुंज इराणच्या केरात सापडली, म्हणजे गोजरबाईनेच ती तिथं टाकली. शत्रूला हात लावला की गवगवा होतो, एवढं तिला कळलं.

मग तिने कवडीला हात घातला.

फार नाही, वीतभर. तोवर सात नंबर कोकणासमोर आलं होतं, तिथल्या खोल पाण्यातून उचलून किनाऱ्याकडे. प्रभुदासाने जमिनीवर दिसलं ते लिहिलं, सही झाली, तार गेली. संध्याकाळी तारेने उत्तर आलं की सात नंबर रत्नागिरीला पोचलं. लेफ्टनंटला वाटलं ही मापसाहेबाच्या गणिताची काहीतरी चाल, विचारलं तर आपण अडाणी ठरू. मापसाहेबाला वाटलं हा आरमाराचा गुप्त हुकूम, विचारणं बरं दिसणार नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. अशी मान डोलावणारे दोघे भेटले की कचेरीत काहीही चालतं. तेव्हापासून संध्याकाळी सात नंबर कुणी हलवायचं नाही, आणि चुकून हलवलंच तर गोजरबाई पहाटे जागेवर आणायची.

एकोणीस दिवस एक लढाऊ जहाज, तोफांसकट, रत्नागिरीच्या बंदरात नांगर टाकून बसलं. सहादेवाचं पत्र आलं: आई, आम्हाला काय झालंय कळत नाही. जहाजाला तीनदा रंग दिला. रोज बांगडा खातो. कप्तान नखं खातो. गोजरबाईने ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि बनुबाईच्या शेळीलासुद्धा गूळ चारला.

तिकडे मापसाहेबाचं गणित पिकत आलं होतं. बुडालेल्या जहाजांची तीन वर्षांची पत्रकं त्याने पालथी घातली. रीत अशी होती की मालाची जहाजं तेरा-चौदांच्या लहान तांड्यांनी जात आणि प्रत्येक तांड्याला दोन राखणदार. न्याय सारखा, कुणाची तक्रार नाही. पण पत्रकं सांगत होती की तांडा लहान असो की मोठा, जहाजं बुडतात ती राखणीत जेवढी फट असेल त्या मानाने.

एका सकाळी त्याने तेरा-तेरा, चौदा चिंचोक्यांची तीन रिंगणं मांडली आणि भोवती खडूने रेघ ओढली. मग रेघांवर वीत टाकली. एकेका रिंगणाला साडेतीन विती, तिन्हींची मिळून साडेदहा. मग सगळे चाळीस चिंचोके एकत्र लोटले आणि एकच रिंगण काढलं. ते भरलं फक्त सहा विती.

"साडेदहा विती राखायला सहा कवड्या," तो म्हणत होता आणि प्रभुदास लिहिता लिहिता मराठीत पुटपुटत होता, "आणि एकत्र केलं तर सहा वितींना सहा कवड्या. फटच नाही."

कोपऱ्यात अरबस्तान सारवता सारवता गोजरबाईचा हात थांबला. हे तिला शिकवायची गरज नव्हती. तिचा नवरा आणि दीर वेगळे झाले, एका वावराचे चार तुकडे पडले, त्या साली कुंपणाला बोराटीच्या काट्या दुप्पट लागल्या होत्या. पीक तेवढंच, कुंपण दुप्पट. शेवटी काट्या पुरल्या नाहीत आणि जिथं खिंडार राहिलं तिथून रानडुकरं शिरली.

मोठा तांडा सोमवारी मुंबईहून एडनला निघायचा होता. मापसाहेबाने रिंगणाभोवती कवड्या ठेवायला घेतल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी जागा रिकामी. बाकीच्या कवड्या कोलंबोकडे गुंतलेल्या. उरली ती रत्नागिरीची. त्याने तिच्याकडे पाहिलं, लेफ्टनंटकडे पाहिलं, लेफ्टनंटने छताकडे पाहिलं, आणि गुप्त हुकमाचा मान राखून साहेबाने जागा रिकामीच ठेवली.

प्रभुदासाने मात्र त्या दिवशी सात नंबरची कवडी उचलून नीट पाहिली. कवडीच्या दातांत शेण वाळलं होतं.

त्याने गोजरबाईला मागच्या ओसरीवर गाठलं. "हे काय गं?"

"काय?"

"कवडी समुद्रात असते. शेण समुद्रात नसतं."

गोजरबाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "लेकरू हाय माजं, दादा. तुमी आसता तर काय केलं आसतं?"

"मला माहीत नाही," प्रभुदास म्हणाला. तो खरं बोलणारा माणूस होता आणि त्यामुळे त्याचं बऱ्याचदा नुकसान झालं होतं. "पण ऐक. तू त्याला बसवून ठेवलंस तेव्हा एक तांडा एकाच राखणदारावर गेला. त्यातलं एक जहाज बुडालं. माणसं चार दिवस होडीत होती, मग सापडली."

"सात नंबर आसतं तर वाचलं आसतं?"

"कोण सांगणार? वाचलंही असतं, दोन्ही बुडालीही असती."

"समदी सापडली न्हवं?"

"सगळी."

तिने मोठा श्वास सोडला. "सोमवारी किती जनं जात्याल?"

"चाळीस जहाजं. दोन-अडीच हजार माणूस असेल."

"त्यांच्या आया कुठं हायेत?"

"असतील आपापल्या गावी. कोकणात, विलायतेत, चितगावला."

"म्हंजी त्यांच्याकडं ही जिमीन सारवायला न्हाई," गोजरबाई म्हणाली. मग तिने विचारलं, "रिंगनात गेला तर त्याला काय हुईल? आकडा काय म्हनतो सायबाचा?"

"शंभर राखणदार गेले तर अठ्ठ्याण्णव परत येतात."

"मला शंभर न्हाईत, दादा. मला एक हाय."

हे गणित मापसाहेबाच्या वहीत नव्हतं. प्रभुदास कवडी तिच्या हातावर ठेवून आत गेला. आपण जाऊन ती मांडणं त्याच्या हातात होतं. त्याने तसं केलं नाही. का, ते त्याने पुढे कधी सांगितलं नाही.

पत्रक लिहायची वेळ होत आली होती, आठाला दहा मिनिटं. दोघे साहेब आत चहा घेत उभे होते. गोजरबाई दारातून आली, पाय धुतले होते, लुगडं खोचलं होतं, आणि आजवर साहेबांसमोर कधी न केलेली गोष्ट तिने केली. ती समुद्रात उतरली. मुंबईवरून पाऊल टाकून रिंगणापाशी गेली आणि सात नंबरची कवडी शेवटच्या फटीत ठेवली. मग जरा सरकवून, वारा जातो त्या बाजूला.

लेफ्टनंटचा कप बशीवर खडखडला. "ही बाई! हीच ती! इतके दिवस! हिला पकडा!"

शिपाई आला, पण मापसाहेबाने हात वर केला. त्याने प्रभुदासाकडून सगळं ऐकून घेतलं. रत्नागिरी, बांगडा, गुंज, सगळं. तो आधी हसला आणि मग हसायचा थांबला. "तिला विचार," तो म्हणाला, "वारा जातो तिकडे का ठेवली?"

"डुक्कर वाऱ्याला तोंड देऊन येतं, सायेब," गोजरबाई म्हणाली. "म्होरं काय हाय त्याचा वास घेत. तिकडं राखन जागी पायजे."

मापसाहेबाने ते वहीत लिहून घेतलं. पाणबुडीला वास येत नाही हे तिला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. लेफ्टनंट मात्र तुरुंगावर अडून बसला होता. शेवटी असं ठरलं, की हा प्रकार मुंबईला कळवायचा नाही, कारण कळवायचा तर एकोणीस दिवस मान डोलावल्याचंही कळवावं लागलं असतं. पण शिक्षा म्हणून तांडा एडनला पोचेपर्यंत गोजरबाईने आत पाऊल टाकायचं नाही.

तुरुंग परवडला असता. नऊ दिवस ती ओसरीच्या पायरीवर बसली. रोज सकाळी प्रभुदास पत्रक पुरं करून बाहेर येई आणि भिंतीवर बोटांनी दाखवी: मुंबईपासून आज एवढं. दुसऱ्या दिवशी तेवढं. गोजरबाई तिथं कोळशाची रेघ मारी. पाचव्या दिवशी प्रभुदास आला आणि हात वर करीना.

"गुंज आली?" तिने विचारलं.

"दोन. वारा जातो त्याच बाजूने."

"आन् सात?"

"तिथून तार नाही."

त्या दिवशी तिने भाकरी थापली आणि खाल्ली नाही. सहाव्या दिवशीही तार नव्हती. बनुबाई येऊन बसली, काहीबाही बोलली, गेली. सातव्या दिवशी बातमी आली की तांड्याने गुंजा हुसकल्या, पण कोण कुठं आहे ते मोजणं चाललंय. आठव्या दिवशी एकोणचाळीस चिंचोके आणि पाच कवड्या मोजून झाल्या. चाळीसावा चिंचोका आणि सात नंबर मोजणीत नव्हते. प्रभुदासाने हे सांगितलं तेव्हा गोजरबाई म्हणाली, "दोगं संगट हायेत. एकटं न्हाई कुनी." आणि पायरी सोडून हलली नाही.

नवव्या दिवशी दुपारी मापसाहेब स्वतः बाहेर आला. डोक्यावर टोपी नव्हती, उन्हात तोंड लाल. त्याला येत होती तेवढी मराठी त्याने एकदम खर्चली. "सात नंबर पोचला. हळू. एक लंगडा जहाज दोरीनं ओढत. चाळीसमधनं चाळीस."

गोजरबाईने पदराने तोंड पुसलं, तेवढ्यात नाकही पुसलं, आणि पायरीवरून उठताना तिचे गुडघे वाजले. "चाळीस?" तिने प्रभुदासाला विचारलं. साहेबाच्या मराठीवर तिचा भरवसा नव्हता.

"चाळीस, गोजरबाई. एकही कमी नाही."

मग तिला आत घेतलं. जमिनीवर सगळे चिंचोके एडनला दाटीवाटीने बसले होते, आणि मुंबईपाशी लेफ्टनंट नवे मांडत होता. युक्ती साधली होती, म्हणून मुंबईने ती उचलून धरली होती. पुढचा तांडा पंचावन्न जहाजांचा.

"आन् राखनीला?" गोजरबाईने विचारलं.

"तीच सहा," प्रभुदास म्हणाला, आणि खाली पाहिलं. "सात नंबर धरून. त्यांचं काम छान झालं ना."

साधलं म्हणूनच पोरगं पुन्हा जाणार होतं, आणि साधत राहिलं तर पुन्हा पुन्हा. मापसाहेबाला ते कळत असावं. तो खिडकीतून बाहेर पाहत, तिथं काहीच नसताना, काहीतरी मोजू लागला.

गोजरबाई पंचावन्न चिंचोक्यांच्या रिंगणाशी उकिडवी बसली. खडूची रेघ नवी होती. तिने अंगठा एकीकडे टेकला, करंगळी ताणली आणि रिंगणाभोवती वीत टाकत निघाली. एक, दोन, तीन. लेफ्टनंट म्हणाला, "बाई, समुद्राला हात..." पण मापसाहेबाने त्याला गप्प केलं. चार, पाच, सहा. वीत संपली आणि रेघ उरली. सातवी वीत टाकली, तरी नखभर रेघ उरली.

"सायेब, सहांत भागत न्हाई," ती वर न बघता म्हणाली. "सात लागत्यात. एक खिंडार ऱ्हातंय."

मापसाहेबाने पाटी घेतली. पंचावन्नाला चाळिसाने भागलं, वर्गमूळ काढलं, सहाने गुणलं. पाटीकडे पाहिलं. गोजरबाईच्या पंजाकडे पाहिलं. पुन्हा पाटीकडे.

"सात पूर्णांक चार शतांश," तो म्हणाला.

"कोलंबोकडून एक काढावं लागेल," लेफ्टनंट म्हणाला. "ते देणार नाहीत. भांडण होईल."

"हुंद्या," गोजरबाई म्हणाली. "पानी वाटताना दादांनी लई भांडनं केल्यात. लिवा दादा."

प्रभुदासाने मापसाहेबाकडे पाहिलं. साहेबाने मान हलवली, आणि या वेळी ती समजून हलवली होती. प्रभुदासाने तारेचा कागद पुढे ओढला, टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "किती दिवसांसाठी मागू?"

"लढाई सरंपतूर," गोजरबाई म्हणाली.